सैल वायर

पोकलेनचं बकेट चिखलातून वर आलं. त्यात दगड होते, फणसाच्या मुळ्या होत्या, बाकी काही नव्हतं.

"इथंपण नाही," तहसीलदार आवटे म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. आवाज चढवण्याइतकं त्राण तिथं कुणातच उरलं नव्हतं. "सपकाळ, मशीन वाजलं म्हणून आपण अर्धा दिवस इथं घालवला. काय वाजलं होतं?"

मशीन वाजलं होतं हे खरं. नक्की कशानं, ते मलाही समजत नव्हतं.

मी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याकडं फिटर होतो. रस्ता नवा झाला की डांबराखाली व्हॉल्व्हची झाकणं गडप होतात, आणि पाइप फुटला की मग व्हॉल्व्ह कुठं आहे ते कुणालाच आठवत नाही. त्यासाठी पालिकेनं एक मेटल डिटेक्टर घेतला होता. लांब दांडा, खाली ताटाएवढी गोल थाळी, वर मुठीजवळ डबी, आणि थाळीपासून डबीपर्यंत गेलेली काळी वायर. तालुक्यात असं मशीन दुसरं नव्हतं. म्हणून जांभुळमाचीवर डोंगर आला तेव्हा मला मशीनसकट जीपमध्ये घालून वर आणलं.

जांभुळमाची म्हणजे डोंगराच्या कडेला धरून बसलेली लहानशी वाडी. पहाटे वरचा कडा सुटला आणि घरं, गोठे, आंब्याची झाडं सगळं ओढत खाली ओढ्याकडं घेऊन गेला. चार दिवसांनी मी पोचलो तोवर मोठ्या पथकानं बहुतेक माणसं काढली होती. मग पलीकडच्या खोऱ्यात दुसरी दरड आल्याची बातमी आली आणि पथक तिकडं गेलं. मागं राहिलं एक पोकलेन, दोन पोलीस, आरोग्य केंद्राचे एक डॉक्टर आणि आम्ही. आणि राहिली दोन माणसं, जी अजून सापडली नव्हती. एक महिपती, दुसरा बंडू. दोघांची घरं एका भिंतीला लागून. दोन्हींवर पत्रे. पत्रे कुठं गाडलेत ते मशीननं दाखवायचं आणि पोकलेननं तिथं उकरायचं, असा साहेबांचा हिशेब.

हिशेब बरोबर होता. पण मशीन कुठंही वाजत होतं.

मी एका दगडावर बसून दांडा मांडीवर आडवा घेतला. पाऊस थांबला नव्हता, पण जोर ओसरला होता. माझ्या शर्टाला कोरडी जागा उरली नव्हती, म्हणून थाळीवरचा चिखल बोटांनीच निपटला. तेव्हा दिसलं. वायर दांड्यावर घट्ट बसवणारी पट्टी चिखलातून चालताना कुठंतरी निघून पडली होती. वायरचे वेढे सुटले होते आणि एक फास थाळीच्या वर लोंबत होता. दांडा हलवला की तो फास हले, आणि तो हलला की मशीन ओरडे. अर्धा दिवस आम्ही आमच्याच वायरीच्या मागं उकरत होतो.

"धरू का?"

मी वर पाहिलं. अनसाबाई होती, महिपतीची बायको. पोरीच्या बाळंतपणासाठी ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली होती, म्हणून वाचली. पोरीला मुलगा झाला आणि त्याच सकाळी वाडी गेल्याचा निरोप आला. तेव्हापासून ती इथंच होती. डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ, पायात काही नाही.

"धरा," मी म्हणालो. "हे टोक वर धरा. हलवू नका."

तिनं दांडा धरला. मी सगळे वेढे सोडवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. थाळीजवळ थोडी ढील ठेवली, नाहीतर थाळी वाकवली की वायर मुळातून ओढली जाते. पुढं मात्र दांड्याला चिकटवून एकेक वेढा देत वर गेलो. पोकलेनवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि खाली, मध्ये, डबीजवळ अशा करकचून आवळल्या.

"ही सैल झाली की वाजतं?" तिनं विचारलं.

"हो. खाली काही नसलं तरी वाजतं."

"आन् आता?"

"आता वाजलं तर खाली काहीतरी आहे."

तिनं मान हलवली आणि दांडा माझ्या हातात दिला. तेवढ्यात आवटे साहेब आले. "सपकाळ, वरून फोन आलाय. पोकलेन संध्याकाळी पलीकडं न्यायचंय. तिकडं माणसं जिवंत असण्याची आशा आहे. इथं..." अनसाबाईकडं बघून म्हणाले, "बाई, अजून एक जागा बघू. दोन नाही जमायच्या."

"बघा," ती म्हणाली.

तिच्या मागं थोड्या अंतरावर बयनाआजी बसली होती. बंडूची आई. दरडीच्या आदल्या दिवशी खालच्या गावात कुणाच्या बाराव्याला गेली, पावसानं तिथंच अडकली, म्हणून तीही वाचली. कमरेत वाकलेली, ऐकायला कमी. नवरा बंडू पोटात असताना गेला होता. बंडूचं लग्न झालं नव्हतं. ती कुणाशी बोलत नव्हती. पोकलेनचं बकेट वर आलं की मान वर करायची, रिकामं झालं की खाली घालायची. अनसाबाई मधूनमधून जाऊन तिच्या तोंडाशी पाण्याची बाटली लावायची.

मी ओढ्याच्या अंगानं चालू लागलो. थाळी जमिनीलगत, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. आता मशीन मुकं होतं. त्या मुकेपणाची सुरुवातीला भीतीच वाटली. आधी निदान आवाज तरी होता. खांदा भरून आला होता, मूठ वळत नव्हती. मग एका मोडलेल्या उंबराच्या वरच्या बाजूला मशीननं लांब, सलग आवाज धरला. मी मागं आलो, पुन्हा गेलो. तोच आवाज, त्याच जागी.

"इथं," मी म्हणालो.

पोकलेनवाल्यानं या वेळी फार जपून उकरलं. आधी पत्रा आला, कागदासारखा चुरगळलेला. मग आणखी एक पत्रा. मग मोडलेलं दार, त्याला कडी तशीच. डॉक्टरांनी हात वर केला आणि पोकलेन थांबलं. पुढचं पोलिसांनी फावड्यांनी केलं आणि शेवटी हातांनी.

पुरुष होता. चिखलानं आणि इतक्या दिवसांनी माणसाचं काय होतं ते मी सांगत बसत नाही. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. अंगावर बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, जी त्या भागात निम्म्या पुरुषांच्या अंगावर असते. बांधा मध्यम. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीचे दगड आजूबाजूला पडलेले. तो या घरातला की त्या, ते जागेवरून कळणं शक्य नव्हतं.

त्यांनी त्याला ताडपत्रीवर घेतलं. दोघी जवळ आल्या. अनसाबाई उभी राहिली. बयनाआजी खाली बसली आणि तिनं त्याचा पाय दोन्ही हातांत घेतला. अंगठ्यावरचा चिखल आपल्या लुगड्यानं पुसला.

"बंडू," ती म्हणाली. "माझा बंडू हाय."

ती रडली नाही. तो पाय मांडीवर घेऊन ती नुसती डोलत राहिली.

आवटे साहेबांनी अनसाबाईकडं पाहिलं. "बाई, तुम्हीही बघून घ्या. पंचनाम्यात लिहावं लागतं."

अनसाबाई वाकली. तिनं पायापासून वर, सावकाश, सगळं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सरळ झाली आणि काही बोलली नाही.

"दुसरा जवळच असेल," साहेब मला म्हणाले. "सपकाळ, बाजूनं एकदा फिरवून घ्या. उजेड आहे तोवर."

मी ताडपत्रीच्या कडेनं थाळी फिरवायला लागलो. जागा अरुंद होती. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंबराचं खोड. वळताना थाळी ताडपत्रीवरून गेली, त्या माणसाच्या मांडीवरून. मशीन वाजलं.

मी थांबलो. थाळी बाजूला घेतली, आवाज बंद झाला. नकळत पुन्हा वर नेली, पुन्हा वाजलं. आधीच्या पत्र्यासारखा लांबट आवाज नव्हता. बारीक, स्वच्छ.

"काय आहे?" साहेबांनी विचारलं. "खिशात काही आहे का?"

"ती वायर सैल झाली आसंल, सायेब," अनसाबाई म्हणाली. "मघाशीबी अशीच वाजत हुती."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली वाकून वायर चाचपली. ट्यूबच्या पट्ट्या जिथं आवळल्या होत्या तिथंच होत्या. वेढे एकमेकांना चिकटून होते. नखही आत गेलं नसतं. आणि हे त्या बाईला माहीत होतं, कारण मी आवळत असताना दांडा तिनंच धरला होता.

मी मान वर केली. ती माझ्याकडं बघत होती. विनवणी नव्हती, धाक नव्हता. आपलं बोलून झालंय आणि आता तुमचं तुम्ही बघा, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. बयनाआजीला काहीच ऐकू गेलं नव्हतं. ती पाय पुसत होती.

"हो साहेब," मी म्हणालो. "सैल झालीय."

"बरं," साहेब म्हणाले आणि डॉक्टरांच्या कागदावर सही करायला वळले.

लाकडं आणायला खाली गेलेला अनसाबाईचा मुलगा तेवढ्यात वर आला. अंकुश. पुण्याला एका वर्कशॉपमध्ये होता, दुसऱ्या दिवशीच येऊन पोचला होता. हातांच्या तळव्यांची सालं निघाली होती त्याच्या. ताडपत्री दिसली तसा तो धावतच आला आणि आईसमोर थांबला.

"आबा?"

"बंडूकाका हाय," अनसाबाई म्हणाली.

तो तिथंच खाली बसला. मग उठून फावडं शोधू लागला. "पोकलेन जाऊ दे. मी हातानं उकरतो."

"अंकुश, इकडं ये."

"आबा इथंच असणार, आई. भिंत एकच हुती."

"इकडं ये म्हणते न्हवं. बयनामावशीला कुणी न्हाई. बंडूला अग्नी तू दे."

त्यानं आईकडं असं पाहिलं की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "माझा बाप अजून मातीत हाय," तो हळू म्हणाला, "आन् मी दुसऱ्याला अग्नी देऊ?"

"दे," ती म्हणाली. "माझ्यासाठी दे."

लाकूड ओलं होतं. पडलेल्या घरांच्या तुळया, फळ्या, दारं, जे हाती लागलं ते रचलं. पोकलेनवाल्यानं डिझेल दिलं. वाडीच्या वरच्या बाजूला शाबूत राहिलेल्या खडकावर चिता रचली. अंकुशनं खांद्यावर मडकं घेतलं, फेऱ्या मारल्या, अग्नी दिला. बयनाआजीला दोघांनी धरून उभं केलं होतं. अनसाबाई जरा मागं होती. ज्वाळा वर आल्या तेव्हा तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दोन्ही हात जोडले. शेजारणीनं जोडावेत तसेच. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

खाली उतरताना ती माझ्या बरोबरीनं आली. अंकुश आजीला पाठीवर घेऊन बराच पुढं गेला होता. वाट निसरडी होती, आम्ही एकेक पाऊल बघून टाकत होतो.

"दादा, तुमी उद्या सकाळी हाय का?"

"जीप दहाला आहे. का?"

"मशीन घिऊन वर याल का? अंकुश राख सावडायला येईल, त्याच्या आधी."

मी थांबलो. ती थांबली नाही, म्हणून मलाही चालावं लागलं.

"मालक कड्यावरनं पडलं हुतं," ती सांगू लागली. "जळणाला गेल्यालं. मांडीचं हाड मोडलं. मिरजेला नेलं, तितं सळी घातली आत. ती काढायला परत बोलावलं हुतं, पर गेलंच न्हाईत. म्हणायचे, राहू दे, पाऊस यायचा आसला की आधी मला कळतं." तिनं थोडा दम घेतला. "ती सळी जळायची न्हाई. अंकुशला दिसली की त्याला कळंल. त्यो बोलंल. मग मावशीला कळंल."

"तुम्ही आधीच ओळखलं होतं?"

"तीस वर्सं त्या पायांला तेल लावलंय. मशीन कशाला पायजे?"

"मग तिथं का नाही सांगितलंत?"

तिनं एका दगडावर पाऊल नीट रोवलं. खाली ओढ्याचा आवाज येत होता.

"एकच गावणार हुता," ती म्हणाली. "सायेबांनी सांगितलंच हुतं. म्या माझा म्हणलं आसतं, तर मावशी मरूस्तवर वाट बघत बसली आसती. रातीला कुत्रं भुकलं तरी दार उघडलं आसतं तिनं. आता तिला वाटतंय तिचा गावला. आन् मला ठावं हाय माझा गावला. दोघींचंबी झालं."

"आणि अंकुश?"

"त्याला सांगीन. मावशी हाय तवर न्हाई."

सकाळी धुकं होतं. मी गेलो तेव्हा ती आधीच खडकाजवळ होती. राख पावसानं वरून काळी पडली होती, आत अजून ऊब होती. मी मशीन चालू केलं, थाळी राखेवर धरली आणि ते वाजायला लागलं. बाजूला घेतलं, तिथंही वाजलं. सगळीकडं वाजत होतं. चितेत घरांची दारं होती, तुळया होत्या. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, सगळं त्या राखेत होतं.

"उपयोग नाही," मी म्हणालो. "यात कळायचं नाही."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

ती गुडघ्यांवर बसली, पदर खोचला आणि हात राखेत घातले. घाई नव्हती. तांदळात खडा शोधावा तसे तिचे हात राखेतून फिरत होते. एक बिजागरी काढली, बाजूला ठेवली. मूठभर खिळे काढले. मी पण बसलो आणि दुसऱ्या बाजूनं चाळू लागलो. मग तिचे हात थांबले.

सळी काळी पडली होती. वितीहून लांब, एका टोकाला बारीक भोकं. तिनं ती तांब्यातल्या पाण्यानं धुतली, पदरानं पुसली आणि स्वतःच्या मांडीवर आडवी धरून बघितली. तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा मोडला. फार वेळ नाही. खालून माणसांचा आवाज आला, अंकुश आजीला वर आणत होता. तिनं राख पुन्हा सारखी केली आणि सळी माझ्यापुढं धरली.

"तुमच्या पिशवीत घाला. तितं लोखंडात लोखंड. घरात ठिवली तर अंकुश वळखंल."

मी ती मशीनच्या पिशवीत घातली. जीप आली, मी गेलो.

पुढं वाडीचं पुनर्वसन खाली रस्त्याला झालं. तिथली पाइपलाइन टाकायला मीच होतो, त्यामुळं येणंजाणं राहिलं. बयनाआजीला वेगळं घर मिळालं होतं, पण ती अनसाबाईकडंच राहायची. दर साली बंडूच्या तिथीला अंकुश पुण्याहून येई, आजी त्याला पाटावर बसवून स्वतः वाढायची. अनसाबाई चुलीपुढं असायची. महिपती कागदोपत्री बेपत्ता राहिला आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर सरकारनं त्याला मयत ठरवलं. बंडू कधीच सापडला नाही, आणि त्याला कुणी शोधलंही नाही.

आजी बरीच वर्षं जगली. गेली ती झोपेत गेली.

तिचं तेरावं झाल्यावर अनसाबाई आमच्या ऑफिसात आली. बरोबर अंकुश होता, आता कानशिलांवर पांढरे केस दिसू लागलेला. मी निवृत्तीला आलो होतो. त्याला वाटेत तिनं सगळं सांगितलं असावं, कारण तो माझ्याकडं न बघता खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"दादा, ती द्या," ती म्हणाली.

मी कपाटातून सळी काढली. फडक्यात गुंडाळलेली होती. अंकुशनं फडकं उलगडलं. बराच वेळ ती हातात धरून उभा राहिला. बाहेर कुणीतरी पाण्याची तक्रार घेऊन आलं होतं, शिपायानं त्याला थांबायला सांगितलं.

"आई," तो म्हणाला, "म्हणजे आबांना अग्नी मीच दिला?"

"तूच की," ती म्हणाली. "दुसरं कोण देणार हुतं?"

तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, त्याच्या पाठीवर हात ठेवून, आणि मला म्हणाली, "थांबू द्या जरा. लई दिसाचं हाय."

मी बाहेर गेलो आणि मागं दार ओढून घेतलं.